कॅन्सर संशोधनासाठी पॅथॉलॉजिस्टने मायक्रोस्कोप सोडावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईजवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमडी पॅथॉलॉजीचं दुसरं वर्ष चालू आहे, ट्यूमर बायॉलॉजीची ओढ आहे, पण सीनियर सांगतात की संशोधन करायचं तर रिपोर्टिंग सोडून पीएचडीला जा, नाहीतर निमूट स्वतःची लॅब टाक. शोध लावतात ते बायॉलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट नुसता रिपोर्ट लिहितो, असंही कोणीतरी ऐकवलंय. हे खरं का, सुरुवात कुठून करायची, आणि भारतात राहून हे जमतं का?

मी कॅन्सरचं रिपोर्टिंग करते आणि त्याच टेबलावर बसून संशोधनही. त्यामुळे माझं उत्तर एका बाजूला झुकलेलं असणार, हे आधीच सांगून टाकते: मायक्रोस्कोप सोडू नका. पॅथॉलॉजिस्टच्या हातून जे मोलाचं काम झालंय, त्यातलं बरंचसं रोजच्या साइन-आउटमध्ये (स्लाइड बघून रिपोर्टवर सही करण्याच्या कामात) कुठेच न बसणाऱ्या केसेसमधून निघालंय. सिक्वेन्सिंग, सेल लाइन, उंदीर हे सगळं नंतर येतं. ते शिकता येतं, दुसऱ्याकडून करूनही घेता येतं. पण ‘ही गाठ पुस्तकात लिहिलीय तशी वागत नाही’ हे ओळखणारी नजर रोज ट्रेच्या ट्रे स्लाइड बघूनच तयार होते. त्याला दुसरा रस्ता नाही.

हे नुसतं म्हणण्यापेक्षा एक उदाहरण नीट उलगडून सांगते, कारण त्यात पॅथॉलॉजिस्टच्या संशोधनाचा सगळा प्रवास आहे. जठर आणि लहान आतड्याच्या भिंतीत लांबट, चातीसारख्या पेशींच्या गाठी होतात. कित्येक दशकं आपली मंडळी त्यांना गुळगुळीत स्नायूंच्या गाठी समजत आली. साधी दिसली तर लायोमायोमा, वाईट दिसली तर लायोमायोसार्कोमा. दिसायला त्या तशाच दिसायच्या, त्यामुळे कोणाला दोष द्यावा असंही नाही. पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बऱ्याच गाठींमध्ये स्नायूची खूणच सापडेना. पुढे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडीने ठरावीक प्रथिनांवर डाग लावायची पद्धत) आली, तिच्यातही स्नायूचे मार्कर नीट लागेनात, मज्जातंतूचेही लागेनात. १९८३ साली माझूर आणि क्लार्क या दोघांनी हा गोंधळ कागदावर मांडला आणि या गाठींना ‘स्ट्रोमल ट्यूमर’ असं तटस्थ नाव दिलं. मूळ पेशी कोणती ते कळलेलं नाही, तर कळल्याचा आव आणायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर अनेकांनी नाकं मुरडली असतील. पण दार उघडं राहिलं ते त्यामुळेच.

दुसरा धागा जपानमधला. ओसाकाचे युकिहिको कितामुरा हे पॅथॉलॉजिस्ट मास्ट पेशींवर काम करत. १९७८ साली त्यांनी दाखवलं की ‘डब्ल्यू’ नावाच्या जागेवर म्युटेशन असलेल्या उंदरांमध्ये मास्ट पेशी जवळजवळ नसतातच. ही जागा म्हणजे ‘किट’ नावाच्या जनुकाची, हे दहाएक वर्षांनी कळलं. मग १९९२ च्या सुमारास आणखी एक गोष्ट पुढे आली: किट बंद पाडलं तर उंदराच्या आतड्यातल्या काहाल पेशी नीट तयार होत नाहीत. आतड्याची लय सांभाळणाऱ्या या पेशी. आता सगळे तुकडे टेबलावर होते. आतड्याच्या भिंतीत किट वापरणाऱ्या पेशी आहेत, आणि त्याच भिंतीत मूळ ठाऊक नसलेल्या गाठी होतात. सेइची हिरोता, कितामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गाठींवर किटचा डाग लावला, मग जनुक वाचलं. १९९८ साली ‘सायन्स’मध्ये छापून आलं की या गाठींमध्ये किट जनुकात म्युटेशन असतं आणि त्यामुळे ते प्रथिन कायम चालू राहतं. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानेही काहाल पेशी आणि या गाठी यांचं नातं स्वतंत्रपणे दाखवलं.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियासाठी बनवलेलं इमॅटिनिब किटलाही अडवतं, म्हणून मार्च २००० मध्ये हेलसिंकीत एका रुग्णाला ते दिलं गेलं. गाठ पसरलेली, केमोथेरपीला दाद न देणारी. औषधाने ती झपाट्याने आकसली. २००२ मध्ये अमेरिकेत या गाठींसाठी, म्हणजे जिस्टसाठी (गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर), इमॅटिनिबला मान्यता मिळाली. माझूर-क्लार्कच्या लेखापासून तिथपर्यंत १९ वर्षं.

या गोष्टीतून मला जे दाखवायचंय ते हिरोतांच्या सिक्वेन्सिंगच्याही आधीचं आहे. स्नायूच्या म्हणून फाइलबंद झालेल्या स्लाइड परत बाहेर काढून ‘हे स्नायू नाहीत’ असं म्हणणारं कोणी नसतं, तर किटचा डाग कशावर लावायचा हेच ठरलं नसतं. आणि काम तिथे थांबलेलंही नाही. किट जनुकाच्या एक्झॉन ११ या भागात म्युटेशन असेल तर इमॅटिनिब उत्तम चालतं, एक्झॉन ९ असेल तर जास्त डोस लागतो, पीडीजीएफआरए जनुकातलं डी८४२व्ही हे म्युटेशन असेल तर ते औषध जवळजवळ निरुपयोगी. या शेवटच्या गटातल्या गाठी बऱ्याचदा जठरात असतात आणि त्यांच्या पेशी चातीसारख्या न दिसता गोलसर, एपिथेलिऑइड दिसतात. म्हणजे एच अँड ई (नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या डागाची) स्लाइड बघतानाच तुमच्या मनात शंका यायला हवी. ट्यूमर बायॉलॉजी म्हणतात ती ही, आणि ती तुमच्या टेबलावरच आहे.

याहून जुनं, लहानसं उदाहरण मला फार आवडतं. मिशिगन विद्यापीठातले पॅथॉलॉजिस्ट आल्ड्रेड वॉर्थिन. १८९५ साली त्यांच्या ओळखीच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने त्यांना सांगितलं की आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. तसंच झालं. वॉर्थिनने त्या घराण्याची वंशावळ जमवली आणि १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज आपण लिंच सिंड्रोम म्हणतो त्याची ही पहिली ठळक नोंद. जनुकं सापडायला १९९३-९४ उजाडलं. आता आपण मोठ्या आतड्याच्या गाठीवर एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ हे चार डाग लावतो, आणि एखादा गेलेला दिसला की रुग्णाच्या भावंडांचीही चौकशी सुरू होते. आपल्याकडे रिक्विझिशन फॉर्मवर ‘क्लिनिकल हिस्टरी’च्या रकान्यात बहुतेक वेळा ‘गाठ’ एवढंच लिहिलेलं येतं. फोन उचला, वॉर्डात जा, विचारा. हे तुमच्या रिपोर्टसाठीही लागतं, संशोधनासाठी तर लागतंच.

भारतात जमतं का? हे मुंबईच्या जवळ राहणाऱ्या माणसाने विचारावं याची गंमत वाटते. डॉ. वसंत रामजी खानोलकर, गोमंतकीय कुटुंबातले, जन्म १८९५ चा क्वेट्ट्यातला, लंडनहून पॅथॉलॉजीत एमडी. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं त्यांच्याकडे आली. तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १००० केसेसचा आढावा त्यांनी १९४४ मध्येच प्रसिद्ध केला. पाठोपाठ १९४५ मध्ये सूर्याबाईंच्या बरोबरीने सवयी आणि कॅन्सर यांच्यावर लेख आला. खालच्या ओठाच्या आत खैनी दाबून ठेवल्याने तिथेच होणारा कॅन्सर, धोतराच्या घट्ट गाठीने कमरेवर वर्षानुवर्षं काचून होणारा त्वचेचा कॅन्सर. या निरीक्षणांना कुठलंही महाग यंत्र लागलं नव्हतं. गाठ नेमकी कुठे आहे, माणूस काय खातो, काय नेसतो, कुठून आलाय, हे बायोप्सीच्या नंबराशी जोडून नीट लिहून ठेवण्याची शिस्त लागली होती.

१९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं तेही त्यांच्या पुढाकाराने. आजचं खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र त्याच वंशातलं. पुण्याच्या कमल रणदिवे खानोलकरांच्या हाताखाली पीएचडी झाल्या, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे टिश्यू कल्चर शिकून आल्या आणि इथे त्याची प्रयोगशाळा उभारली. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचा विभाग घडवला आणि तोंडाच्या सबम्यूकस फायब्रोसिसमधल्या (सुपारीने तोंड आखडतं त्या आजारातल्या) ऊतींचा अभ्यास केला. पॅथॉलॉजिस्टने सगळं स्वतःच करायचं नसतं, कोणाला कशासाठी सोबत घ्यायचं हे त्याला कळावं लागतं, याचं हे आपल्या घरचं उदाहरण.

आता तुमच्या टेबलाकडे येऊ. तुमच्या महाविद्यालयात कदाचित सिक्वेन्सर नसेल, फिश (चमकत्या खुणांनी जनुकाच्या प्रती मोजायची तपासणी) नसेल, इम्युनोचे मार्करही मोजकेच असतील. पण तोंडाचे कॅन्सर ढिगाने असणार. त्यात काय करता येतं ते एका गोष्टीवरून दाखवते.

जिभेच्या कडेला दीड सेंटिमीटरची गाठ आहे. आकारावरून ती टी१, म्हणजे सगळ्यात लहान गटातली. कॅन्सरच्या पायऱ्या ठरवणाऱ्या एजेसीसी नियमांच्या आठव्या आवृत्तीपासून त्यात खोलीही मोजावी लागते: गाठ २ सेंमीपर्यंत असली तरी खोली ५ मिमीच्या वर गेली की ती टी२ होते. ही खोली म्हणजे गाठीची जाडी नव्हे, आणि इथेच निम्मे रिपोर्ट घसरतात. शेजारच्या निरोगी म्यूकोसाच्या, म्हणजे तोंडाच्या अस्तराच्या, बेसमेंट मेंब्रेनची पातळी धरायची, तिथून गाठीवर एक आडवी रेघ मनात ओढायची, आणि त्या रेघेपासून गाठीच्या सगळ्यात खोल पेशीपर्यंत ओळंबा सोडायचा. फुलकोबीसारखी वर वाढलेली गाठ ९ मिमी जाड असूनही खोलीला ३ मिमीच भरते. उलट व्रण पडून मधोमध खचलेली गाठ जाडीला ४ मिमी दिसते आणि खोली ७ निघते. आता ही रेघ ओढायला शेजारचा म्यूकोसा स्लाइडमध्ये हवा ना? ग्रॉसिंगच्या (नमुना कापून तुकडे निवडण्याच्या) वेळी गाठीच्या मधोमधचा सुंदर तुकडा घेतला आणि कडेचा निरोगी भाग सोडला, तर मायक्रोस्कोपवर कितीही मान मोडली तरी खोली मोजता येत नाही. तेव्हा ब्लॉक (मेणात बसवायचा तुकडा) घेतानाच गाठ आणि निरोगी म्यूकोसा जिथे भेटतात तो तुकडा अखंड घ्यायचा, नमुन्याला शाई लावून, दिशा लक्षात ठेवून. ऑक्युलर मायक्रोमीटर (भिंगात बसवायची मोजपट्टी) विभागाच्या कपाटात कुठेतरी पडलेला असतो, तो काढा आणि कॅलिब्रेट करा.

हे मोजमाप कशासाठी? टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांची चाचणी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आली. मानेत गाठ लागत नसलेल्या सुरुवातीच्या मुखकर्करोगात मानेची शस्त्रक्रिया लगेच करायची की वाट बघायची, हा प्रश्न. लगेच करणाऱ्यांत तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट बघणाऱ्यांत ६७.५ टक्के. आणि ३ मिमीपेक्षा उथळ गाठींमध्ये मात्र तसा स्पष्ट फायदा दिसला नाही. तुमच्या मायक्रोमीटरवरचे दोन-तीन मिलिमीटर कोणाची मान उघडायची ते ठरवण्यात भाग घेतात, इतकं ते थेट आहे.

आता यातून संशोधनाचा प्रश्न कसा निघतो ते बघा. आपल्याकडच्या कितीतरी रुग्णांचं तोंड सुपारीने आधीच आखडलेलं असतं. सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये एपिथेलियम पातळ होतं, खाली कोलॅजनचा जाड थर बसतो. सुपारीतलं अरेकोलिन फायब्रोब्लास्टला कोलॅजन बनवायला लावतं, आणि सुपारीतल्या तांब्यामुळे ते कोलॅजन घट्ट विणणारं लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम जोर धरतं. अशा जमिनीत वाढलेल्या गाठीत ५ मिमी खोलीचा अर्थ तोच असतो का? घट्ट कोलॅजनमधून पेशी एकेकट्या सुटून पुढे जातात की सलग फळीने? मुख्य गाठीपासून १ मिमी किंवा त्याहून दूर सुटी बेटं किती दिसतात? मानेच्या गाठींचं प्रमाण वेगळं निघतं का? या सगळ्याला लागतं काय तर एच अँड ई, मायक्रोमीटर, गुटखा-सुपारीचा नीट विचारलेला इतिहास, आणि रुग्णाचं पुढे काय झालं त्याची माहिती. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण ती किती आहे ते ओपीडीत बसणाऱ्याला सांगायला नको. केसेस कमी पडणार नाहीत.

एमडीच्या प्रबंधाला विषय घ्यायचाच आहे तर असा घ्या. ‘अमुक-तमुक गाठींचा टर्शरी केअर सेंटरमधील अभ्यास’ या साच्यात वय, लिंग आणि टक्केवारीचे पाय-चार्ट भरून शेकडो प्रबंध कपाटात गेलेत. दुसरा साचा म्हणजे हाताला लागेल त्या गाठीवर केआय-६७ (पेशी किती विभागतायत ते दाखवणारा मार्कर) लावायचा. प्रश्नच नसेल तर डाग लावून उत्तर कुठून येणार?

खरी अडचण मार्करची नसतेच, फॉलो-अपची असते. रुग्ण शस्त्रक्रियेनंतर रेडिएशनला दुसऱ्या शहरात जातो, फोन नंबर बदलतो, गावी निघून जातो. यावर चमकदार उपाय नाही. सर्जरी आणि रेडिएशनच्या रेसिडेंटशी दोस्ती ठेवा, फॉर्मवर रुग्णाबरोबरच दोन नातेवाइकांचे नंबर घ्यायला लावा, महात्मा फुले योजनेत उपचार झाले असतील तर त्या कागदांतून तारखा मिळतात त्या उतरवा. ट्यूमर बोर्ड (वेगवेगळ्या विभागांच्या डॉक्टरांनी मिळून उपचार ठरवायची बैठक) होत असेल तर एकही चुकवू नका. कोणत्या रिपोर्टमुळे उपचार बदलला आणि कोणता रिपोर्ट कोणी वाचलाच नाही, हे तिथेच कळतं.

यानंतरचा मुद्दा मी सगळ्यात आग्रहाने मांडते आणि सगळ्यात कमी लोक ऐकतात: ऊतींची निगा. स्तनाच्या कॅन्सरमधली हर-टू या प्रथिनाची तपासणी घ्या. पेशीच्या पटलावर गडद, पूर्ण वर्तुळाकार डाग दहा टक्क्यांहून जास्त गाठीच्या पेशींत दिसला तर ३+, आणि रुग्णाला हर-टूला अडवणारं ट्रास्टुझुमॅब मिळतं. फिकट ते मध्यम असेल तर २+, मग फिशने जनुकाच्या प्रती मोजायच्या. २०२२ पासून तर १+ आणि फिश-निगेटिव्ह २+ यांनाही महत्त्व आलंय, कारण अशा ‘हर-टू लो’ पसरलेल्या आजारात ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टिकॅन वापरता येतं. म्हणजे पूर्वी ० की १+ याने कोणाचं काही अडत नव्हतं, आता अडतं. आणि हे सगळं अवलंबून कशावर? शनिवारी दुपारी काढलेला अख्खा स्तन अरुंद तोंडाच्या बरणीत, बुडेल न बुडेल एवढ्या फॉर्मॅलिनमध्ये कोंबून ठेवला असेल आणि सोमवारी सकाळी उघडला असेल, तर बाहेरची त्वचा टणक आणि आतली गाठ पिठाळ. फॉर्मॅलिन ऊतीत तासाला जेमतेम मिलिमीटरभर शिरतं. आतल्या गाठीचं इस्ट्रोजेन रिसेप्टर खोटं निगेटिव्ह यायला एवढं पुरतं. सलाइनमध्ये ठेवून पाठवलेले नमुने मी अजूनही बघते.

नियम साधे आहेत. नमुना काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये, तेही १० टक्के न्यूट्रल बफर्ड, नमुन्याच्या दहापट तरी. मोठा नमुना आधी ५ ते १० मिमीच्या कापांनी उघडायचा. एकूण फिक्सेशन ६ ते ७२ तास. वेळ फॉर्मवर लिहायची. हाडाचा तुकडा कडक आम्लात डिकॅल्सिफाय केला की डीएनए-आरएनए गेलं समजा, पुढे मॉलिक्युलर तपासणीची शक्यता असेल तर ईडीटीए वापरा. तुम्ही रेसिडेंट म्हणून विभागात बाकी काही बदलू शकला नाहीत तरी ओटीतल्या सिस्टर आणि मामांना मोठ्या तोंडाचे डबे देऊन हे समजावून सांगू शकता. टेक्निशियनचा शब्द यात प्राध्यापकांपेक्षा मोठा असतो, त्यांना आधी विश्वासात घ्या. आणि जुने ब्लॉक. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत मेण मऊ होऊन ब्लॉक एकमेकांना चिकटतात, रजिस्टरांना वाळवी लागते. ज्या विभागात दहा वर्षांचे ब्लॉक नंबराप्रमाणे सापडतात, तो विभाग संशोधनाच्या दृष्टीने श्रीमंत, मग तिथे यंत्र असो वा नसो. अशा ब्लॉकमधून ०.६ मिमीचे गाभे काढून एका ब्लॉकमध्ये शेकडो गाठी बसवणारी टिश्यू मायक्रोॲरे पद्धत १९९८ पासून वापरात आहे. एका डागाच्या खर्चात शेकडो रुग्ण तपासून होतात.

पीएचडी करायची का? माझं मत: एमडी झाल्या झाल्या नको. आधी दोन-तीन वर्षं एखाद्या मोठ्या कॅन्सर केंद्रात सीनियर रेसिडेन्सी, ऑन्कोपॅथॉलॉजीची फेलोशिप किंवा डीएम करा, म्हणजे केसेसचा आवाका येईल आणि कोणत्या अवयवाच्या गाठींमध्ये आपलं मन रमतं तेही कळेल. एक अवयव निवडावाच लागतो. सगळ्याच गाठींचा संशोधक कोणी नसतो. त्यानंतर जर प्रश्न असा निघाला की त्यासाठी स्वतः बेंचवर उभं राहणं भाग आहे, तर पीएचडी करा, ॲक्ट्रेकसारख्या ठिकाणी किंवा बाहेर. प्रश्न नसताना केलेली पीएचडी म्हणजे गाइडच्या प्रश्नावर घालवलेली पाच वर्षं, आणि तेवढ्यात रिपोर्टिंगचा हात सुटतो तो वेगळाच. उंदरांवर आणि सेल लाइनवर काम करणाऱ्या बायॉलॉजिस्टला पॅथॉलॉजिस्टची किती गरज असते हे तुम्हाला अजून माहीत नाही. ‘ट्यूमर’ म्हणून वाटून सिक्वेन्सिंगला दिलेल्या तुकड्यात नव्वद टक्के नेक्रोसिस आणि लिम्फोसाइट होते, हे सांगायला कोणीतरी एच अँड ई बघणारं लागतं. तुम्ही तिथे मदतनीस म्हणून न जाता बरोबरीने जा, आणि लेखकांच्या यादीचं बोलणं कामाच्या सुरुवातीलाच करून घ्या. नंतर तो विषय फार कडवट होतो.

बाकीची व्यावहारिक अंगं थोडक्यात. तपासणीनंतर उरलेल्या, ओळख पुसलेल्या ऊतींवर काम करायचं असेल तर आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एथिक्स कमिटी संमतीची अट शिथिल करू शकते, पण कमिटीकडे जावं लागतंच, आणि काम सुरू करण्याआधी जावं लागतं. मार्करच्या अभ्यासात दोन पॅथॉलॉजिस्टनी एकमेकांचं न बघता स्लाइड वाचाव्यात आणि कॅपा (दोघांचं किती जुळतं त्याचा आकडा) काढावा. स्वतःच्याच स्लाइड काही आठवड्यांनी परत वाचून बघा, नम्रता येते. प्रोग्नॉस्टिक (आजार पुढे कसा जाईल ते सांगणाऱ्या) मार्करवर लिहिणार असाल तर २००५ चे रिमार्क निकष आधी वाचा, कारण त्यात विचारलेल्या निम्म्या गोष्टी नंतर गोळा करता येत नाहीत. स्टॅटिस्टिशियनकडे आकडे घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा. आणि बढतीसाठी पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलांच्या नादी लागू नका. पुढे जिथे नाव लावायचंय तिथे ती यादी कोणीतरी वाचतं.

एआयमुळे हे सगळं निरर्थक होईल का, असं आजकाल प्रत्येक रेसिडेंट विचारतो, म्हणून लिहिते. स्लाइड पूर्ण स्कॅन करून त्यावर निदान करायला अमेरिकेत २०१७ पासून मान्यता आहे आणि प्रोस्टेटच्या बायोप्सीत कॅन्सर शोधून दाखवणारं सॉफ्टवेअर २०२१ मध्ये मान्य झालं. ही चांगली साधनं आहेत. पण त्यांना शिकवलेल्या स्लाइड ज्या लॅबमधल्या, तिथला हिमॅटॉक्सिलिनचा रंग वेगळा, सेक्शनची जाडी वेगळी, स्कॅनर वेगळा. आपल्या ५ मायक्रॉनच्या, कधी सुरकुतलेल्या सेक्शनवर ते कसं चालतं हे तपासून बघणं हेच मोठं काम आहे, आणि त्यासाठी खात्रीने लेबल लावलेल्या स्लाइड लागतात. ते लेबल लावणार कोण? थोडं पायथन शिकून घ्या, हरकत नाही. पण फ्रोजन सेक्शनचा (शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवलेल्या तुकड्यावर निदान देण्याचा) ताप चुकवण्यासाठी एआयकडे वळू नका. असे दोन-तीन हुशार लोक पाहिलेत. त्यांना कोडही धड जमलं नाही आणि स्लाइडही.

परदेशाचं म्हणाल तर अमेरिकेत रिपोर्टिंगही करायचं असेल तर यूएसएमएलई देऊन तिथली रेसिडेन्सी परत करावी लागते, ब्रिटनसाठी एफआरसीपॅथ ही परीक्षा. नुसत्या संशोधनासाठी एक-दोन वर्षं जाऊन येणं सोपं आणि मला विचाराल तर जास्त उपयोगाचं, पण जाताना आपला प्रश्न आणि शक्य असेल तर आपल्या केसेसचा डेटा घेऊन जा. ऊती बाहेर पाठवायच्या तर परवानग्यांचा वेगळा सोपस्कार आहे, त्याला महिने लागतात हे गृहीत धरा.

राहिला शेवटचा प्रश्न: खासगी लॅब टाकून संशोधन जमेल का? जमतं, कमी जमतं. मोठे अभ्यास एकट्याने होणार नाहीत, पण शहरातले दोन सर्जन आणि एक ऑन्कॉलॉजिस्ट यांच्याशी घट्ट बांधलेली लॅब वर्षाकाठी उत्तम केसेस जमवू शकते आणि बहुकेंद्री अभ्यासांत सामील होऊ शकते. फक्त एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा. निदान झालं की रुग्ण मोठ्या केंद्रात जातो आणि तिथे ब्लॉक मागतात, ते द्यायलाच हवेत, त्यांच्यावर हक्क त्याचा आहे. पण देताना गाठ असलेला एक ब्लॉक मागे ठेवा, एकच असेल तर आधी काही कोऱ्या स्लाइड कापून घ्या, दिलेल्या प्रत्येक ब्लॉकचा नंबर रजिस्टरमध्ये लिहून नातेवाइकाची सही आणि फोन नंबर घ्या, आणि महिन्याभराने फोन करून ब्लॉक परत मागा.